मुहूर्ताचे बूट

आधी मॅडमचं सांगतो, बुटांचं नंतर. बुटांची गोष्ट जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, लहानथोर सगळ्यांना पाठ आहे, पण ती सांगतात तशी घडलेली नाही. आज माझ्या डोक्यावर छप्पर आहे ते त्या बाईंनी राखलं, आणि त्याच्या बदल्यात त्यांच्या पदरात जे पडलं ते चांगलं पडलं नाही. नावं कुणाचीच लिहीत नाही. एक तर मला अजून इथंच राहायचंय. दुसरं म्हणजे नाव लिहिण्याच्या लायकीचं या गोष्टीत एकच माणूस आहे, आणि ते माणूस म्हणालं, "माझं नाव टाकलं तर बघ."

मॅडम बदनापूरच्या, जालन्यात एका शाळेवर खेळ शिकवतात. माहेर केदारखेड्याकडचं. घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती, आता शेती. "आमच्या घरच्या बाया मेंढरामागं चालून म्हाताऱ्या झाल्या, मी पळून म्हातारी होऊन राह्यले," असं त्या म्हणायच्या. उंच बाई, खांद्यानं रुंद, आणि पाऊल चांगलं गड्याएवढं. चपलेच्या दुकानात त्या सरळ पुरुषांच्या बाजूला जाऊन बसायच्या.

मी गोंदियाकडचा. आठवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. घरात कोणी 'जा' म्हणालं नाही आणि कोणी 'नको जाऊ' म्हणायलाही मोकळं नव्हतं. तांदळाच्या ट्रकवर क्लीनर झालो. तो ट्रक एकदा जालन्यात मोंढ्यात रिकामा झाला, ड्रायव्हरशी माझं वाजलं, मी उतरलो तो उतरलोच. ज्या आडत दुकानासमोर पिशवी घेऊन उभा होतो, त्या सेठनंच ठेवून घेतलं. पोती उचलायची, गादी झाडायची, गोदाम राखायचं, आणि गोदामामागच्या खोलीत झोपायचं. इथले लोकही 'करून राह्यलो, जाऊन राह्यलो' बोलतात, आमच्याकडंही तसंच. म्हणून कान परके वाटले नाहीत. बाकी सगळं परकंच होतं. भात सणाला.

सेठ वाईट माणूस नव्हेत, हे आधी लिहून ठेवतो. त्यांच्या घराण्याला राजस्थान सोडून इतक्या पिढ्या झाल्यात की ते चिडले की जालन्याचं मराठीच तोंडात येतं. पण त्यांचा एक कायदा होता. ते देतील ते हसून घ्यायचं. माझ्या आधी त्या खोलीत जो हमाल राहायचा, त्यानं दिवाळीला मिळालेल्या शर्टाचा रंग भडक आहे असं चारचौघांत म्हटलं. पाडव्याला खोली रिकामी. ही गोष्ट मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आली, बहुतेक मी शहाणं व्हावं म्हणूनच सांगण्यात आली. दान दिलेल्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. आमच्याकडं गाईकडं बघायचीसुद्धा सोय नव्हती.

आता ग्रुपचं. सेठना साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला. सेठ एकटे चालणारे नव्हेत. चार व्यापारी जमले, ग्रुप झाला. ग्रुपला टी-शर्ट आले, टी-शर्टावर पळणारा चित्ता आला. तो चित्ता आणि मॅडम सोडल्या तर त्या ग्रुपमध्ये पळणारं कोणी नव्हतं. बाकीचे दर रविवारी सकाळी बदनापूर रोडला जमायचे, हातपाय झटकायचे, फोटो काढायचे, थोडं दुडकायचे आणि पोह्याच्या गाड्यावर थांबायचे. पोहे मात्र जीव तोडून खायचे.

माझं काम स्कूटीवरून पाणी आणि केळी घेऊन त्यांच्या मागं जायचं. एका रविवारी स्कूटी चालू होईना. सेठ पुढं निघून गेलेले, केळी माझ्याकडं. भीतीनं मी पिशवी खांद्याला मारली आणि पळत सुटलो. ग्रुप वाटेत कधी मागं पडला ते मला कळलंच नाही. गाड्यावर केळी आधी पोहोचली, चित्ते नंतर.

त्या दिवशी मॅडमनं मला नीट पाहिलं. "कुठं शिकला रे पळायला?"

"कुठं नाही. गावाकडं धानाच्या धुऱ्यावरनं, बांधावरनं पळायचो."

"धुऱ्यावरनं पळणारा पडत न्हाई," त्या म्हणाल्या. "उद्यापासून केळी दुसऱ्याला दे."

ग्रुपमध्ये एक जाणकार होते. त्यांचं पंख्यांचं दुकान. पळणं ते मोबाईलवर शिकले होते आणि शिकवतही मोबाईलवरच. कार्बनचे बूट जालन्यात त्यांनीच आधी आणले. सगळ्यांना गोळा करून, बूट उलटा धरून, लग्नात सोनं दाखवावं तसे दाखवले. जाड मऊ फोमचा तळवा, आणि फोमच्या पोटात कडक काळी पट्टी, उलथन्यासारखी वाकवलेली. पाय टेकला की पट्टी माणसाला पुढं ढकलते. बूट इतका हलका की चिमटीत धरता येतो. "ह्याच्यात पळावं लागतच न्हाई," ते म्हणाले. "बूटच पळतो."

ते मात्र खरं असावं, कारण पळताना त्यांना मी कधी पाहिलं नाही.

मग महिन्याभरात सगळ्यांनी घेतले. वेगात पळणाऱ्यांसाठी बनवलेला, शर्यतीपुरता घालायचा, लवकर झिजणारा बूट, आणि तो घालून आमचे लोक गाडीपासून पोह्याच्या गाड्यापर्यंत जायचे. एकानं तो घालून भाजीबाजार केला. पंखेवाल्यांनी नवे घेतले तेव्हा त्यांचे आधीचे साधे बूट मला मिळाले. चांगले होते, सैल बसायचे. मी वर्षभर त्यांच्यातच पळालो आणि मनापासून आभार मानत पळालो.

जालन्यात दहा किलोमीटरची रस्त्यावरची शर्यत ठरली तेव्हा सेठना चेव चढला. सळईवाल्या व्यापाऱ्यांचाही एक ग्रुप होता, त्यांनीही आपला एक पळणारा उभा केला होता. मोंढ्यात उभं राहून सेठ म्हणाले, "आपला पोरगा पहिला येणार. अन् कार्बन घालून येणार." आपला पोरगा म्हणजे मी. तेव्हापासून जेवण जाईना.

बूट घ्यायला संभाजीनगरला जायचं ठरलं. शनिवारी पायातलं विकत घेत नाहीत, म्हणून रविवारी. मॅडम म्हणाल्या, मी येते, मला बुटातलं कळतं. गाडीत जागा न्हाई, असं पंखेवाले म्हणाले. मागच्या सीटवर मी आणि पंखेवाल्यांची बॅग असे दोघे ऐसपैस बसून गेलो.

दुकानात गेल्यावर सेठनं बूट तळहातावर घेतला आणि तुरीचा नमुना बघावा तसा तोलला. जन्मभर वजनावर माल घेतलेला माणूस. "हलका माल अन् भाव जास्त? कामून?" म्हणून त्यांनी दुकानातल्या माणसाशी हुज्जत घातली. पंखेवाल्यांना तोलायची गरज नव्हती. त्यांनी दारातूनच पोपटी रंगाच्या जोडीवर बोट ठेवलं. "टीव्हीवर पहिला आलेल्याच्या पायात हाच होता."

मला बसवलं, बूट चढवला. अंगठा पुढं जाऊन भिंतीला टेकावा तसा टेकला. दुकानातल्या माणसाच्या लक्षात आलं. "एक नंबर मोठा आणू का?"

"बिलकुल न्हाई," पंखेवाले म्हणाले. "रेसचा बूट मोज्यासारखा बसला पाहिजे. ढिला असला की ताकद वाया जाती."

"चालून बघ," सेठ म्हणाले. गालिच्यावरून मी इकडून तिकडं चाललो. गालिच्यावर चालून पळायचा बूट निवडणं म्हणजे खाटेवर झोपून बैल निवडण्यासारखं आहे, पण तेव्हा मला ते म्हणता आलं नाही.

"बराबर है?"

माझ्या डोळ्यांसमोर भडक शर्टवाला हमाल आला. "बराबर आहे सेठजी," मी म्हणालो.

खरी कमाल पुढं झाली. परत आल्यावर बूट ठेवायचे कुठं यावर गादीवर सभा भरली. सेठच्या धंद्यात नवा ट्रक आला की त्याला कुंकू लागतं, नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू चिरडतं, आणि त्याच्याआधी ट्रक एक पोतं उचलत नाही. हा मोंढ्याचा रिवाज, तो मोडलेला कोणी पाहिला नाही. पायातल्या वस्तूला कुंकू लावावं का, असा एकानं प्रश्न काढला. पंखेवाल्यांनी निकाल दिला, "दसऱ्याला टायरला लावता ना? मंग. हे ह्याचं टायर आहे."

झालं. दोन्ही बुटांना बाहेरच्या अंगाला कुंकू लागलं. देवाजवळ ठेवता येत नाही म्हणून खोकं तिजोरीवर चढलं. आणि सेठनं हुकूम सोडला, "आता हे कोरे राहतील. शर्यतीच्या दिवशी सकाळी लिंबू फुटंल, तवा पायात जातील. तोवर कोणी हात लावायचा न्हाई."

म्हणजे दहा किलोमीटर जीव खाऊन पळायचं, तेही आयुष्यात एकदाही न घातलेल्या, अंगठा चेपणाऱ्या, तळव्यात उलथनं असलेल्या बुटात. माणसं धंद्यात इतकी हुशार आणि बुटात इतकी खुळी कशी असतात हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. नवे ट्रकसुद्धा हे लोक आधी फिरवून बघतात, मग घेतात.

शर्यत आठवड्यावर आली तेव्हा सेठ कापसाच्या सौद्याला घनसावंगीला गेले होते. मोंढ्याला सुट्टी. मी गादी झाडत होतो, मॅडम आल्या.

"काढ ते खोकं."

"मॅडम, ते मुहूर्ताचे आहेत."

"मुहूर्त लग्नाचा असतो. अन् लग्नातसुद्धा आधी पोरगी बघतात. काढ."

मी खोकं तिजोरीवरून उतरवलं. त्यांनीच बूट माझ्या पायात घातले आणि पुढून अंगठ्यानं दाबून पाहिले. "तुझा अंगठा कुठं आहे? इथं बोटभर जागा पाहिजे. पळताना पाऊल फुगतं, पुढं सरकतं. हे कोणी निवडले?" मी सांगितलं. "वाटलंच," त्या म्हणाल्या. "चल बाहेर."

गोदामामागच्या रस्त्यावर मी पळालो. खोटं बोलणार नाही, सुरुवातीला मजा आली. मागून कोणीतरी ढकलतंय, पुढं चला, पुढं चला म्हणतंय, असं वाटलं. वळणावर मात्र पाय गादीवरून घसरावा तसा एका अंगाला गेला. परत येईतो पोटऱ्या दगड झाल्या होत्या आणि अंगठ्याचं नख आतून ठणकायला लागलं होतं.

"तू पळून राह्यला का नाचून राह्यला?" मॅडम कमरेवर हात ठेवून उभ्या. "बूट वाईट न्हाई. पण तुझ्या पायाचा न्हाई, अन् तुझ्या पायाला त्याची सवय न्हाई. दहा किलोमीटरात नख हातात येईल. एक नंबर मोठा घेऊन चार-सहा वेळा जोरात पळाला असता तर गोष्ट वेगळी होती."

"बदलून देतील का दुकानात?"

त्यांनी बूट उचलून तळवा दाखवला. पांढऱ्या फोमात काळी माती खोलवर बसली होती. कुंकू पुसलं होतं. आता बदलूनही मिळत नव्हते आणि कोरेही राहिले नव्हते. मी तिथंच खाली बसलो. पिशवी भरायला किती वेळ लागेल हा एकच विचार डोक्यात होता. भरायला फारसं नव्हतंच. पण त्या खोलीचा पत्ता मी घरी कळवला होता. आई शेजारणीला सांगायची, पोराला जालन्यात खोली आहे.

मी बूट ओल्या फडक्यानं पुसत असतानाच सेठची गाडी दारात लागली. सौदा फिसकटला होता, म्हणजे तोंड आधीच वाकडं. सोबत पंखेवाले, ते का गेले होते कोण जाणे. सेठनं तिजोरीकडं पाहिलं, मग माझ्या हाताकडं.

"हे काय? कोणी घातले?"

मी फडकं खाली टाकलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "मी."

सेठ वळले. "मॅडम, तुम्ही?"

"चांगले दिसले, घातले. बघावं म्हटलं एवढा खर्चा कशाचा केला."

"दुसऱ्याचे? कुंकू लावलेले?"

"मंग काय झालं? माझा पाय काही विटाळला न्हाई."

पंखेवाले खो खो हसले. "बाईच्या पायात ते बसतील तरी का?"

मॅडम गादीच्या काठावर बसल्या, माझ्या हातातून बूट घेतले आणि दोन्ही पायांत चढवून उभ्या राहिल्या. माझ्यापेक्षा त्यांना बरे बसले. "बसले," त्या पंखेवाल्यांना म्हणाल्या. "अन् तुमचे बूट सांभाळा, पोह्याच्या पलीकडचा रस्ता त्यांनी बघितला न्हाई अजून."

"सेठजी, मॅडमनं..." मी कसाबसा बोललो.

"तू गप," त्या माझ्यावरच ओरडल्या. "मी दटावून खोकं काढायला लावलं. ह्याचा काही दोष न्हाई, हा रडून राह्यला होता कवाचा."

सेठचा चेहरा लाल झाला. पण बाई शिक्षिका, बाहेरची, त्यांना काय करणार? शेवटी म्हणाले, "दुसऱ्याच्या पायातली पनवती आता माझ्या पोराच्या पायात? हे बूट हा घालणार न्हाई. ठेवा तुम्हीच."

मॅडमना नेमकं हेच हवं होतं, हे मला त्या बूट काखेला मारून निघाल्या तेव्हा कळलं. रिवाज मोडून कोणी मला सोडवलं नसतं. त्यांनी मला त्या रिवाजातूनच बाहेर काढलं. आणि पनवतीचं म्हणाल, तर वर्षभर मी पंखेवाल्यांचे जुने बूट घालून पळत होतो, तेव्हा ती कुणाला आठवली नव्हती.

शर्यत मी त्याच जुन्या बुटांत पळालो. सेठनं आणलेली लिंबं वाया कशी घालवायची म्हणून तीही त्यांच्याच खाली चिरडली, आणि पहिला फर्लांग मी लिंबाच्या रसात सटकत गेलो. पुढं पाय लागले. चौथा आलो. पुढच्या तिघांतल्या एकाच्या पायात पट्टीवाले होते, हे सांगितलं पाहिजे; त्याच्या पायात ते हक्कानं होते, झिजलेले, त्याच्या घामाचे. सळईवाल्यांचा पळणारा माझ्या मागं राहिला, तेवढ्यानं सेठची मान वर राहिली. खोली राहिली. पोती उचलायचं कमी होऊन वजनकाट्यावर उभं राहायचं कामही मिळालं.

पण हरल्याला कारण लागतं, आणि कारण तयारच होतं. "कोरे बूट असते तर पोरगा पहिला आला असता," असं सेठ दुसऱ्या दिवसापासून जो भेटेल त्याला सांगू लागले, आजही सांगतात. पंखेवाल्यांनी त्यात आणखी भर घातली. मॅडमनं बूट ढापले, असं झालं. फोनवरच्या ग्रुपमधून त्यांना काढलं. बायकांमध्ये कुजबुज, शाळेपर्यंत चेष्टा. कुणी तोंडावर 'बूटचोर' म्हणालं तर त्या हसायच्या, "चोर तर चोर. चोराइतकं जोरात कोण पळतं?" पण एकदा सकाळी मी लांबून पाहिलं. समोरून चित्त्याचे टी-शर्ट येताना दिसले, तशा त्या रस्ता सोडून कच्च्या वाटेनं वळल्या. कुणाला भिणारी बाई नव्हती ती. तरी वळल्या.

आता मी सुट्टीला बदनापूरला जातो, कृषी संशोधन केंद्राकडच्या रस्त्यावर त्यांच्यासोबत पळतो. सेठना माहीत नाही. त्या मला शिकवतात: बूट संध्याकाळी बघायचा, पाऊल फुगलेलं असताना, दुकानदार रागावला तरी दुकानाबाहेर पळून बघायचा, टाच हलता कामा नये, बोटं मोकळी पाहिजेत, आणि रंग बघायचा नाही. आधी साध्या बुटात पाय घडव, म्हणतात, पट्टी नंतर. ते पोपटी बूट त्यांनी एकदा पळून बघितले, पुन्हा घातले नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, वळणावर त्यांनाही घसरतात.

मी एकदा म्हणालो, "मॅडम, मी सेठला खरं सांगतो."

"अन् झोपशील कुठं? माझ्या ओसरीवर?" त्यांनी पळता पळताच विचारलं. "आधी स्वतःची खोली कर. तोंड मंग उघड."

बरोबर बोलल्या. मी भित्रा आहे, आणि घर लांब आहे. पण खोली होईल. काट्यावर उभं राहून, थोडं थोडं करून, होईल. ज्या दिवशी तिच्या दाराला माझं कुलूप लागेल, त्या दिवशी मोंढा भरलेला असताना, सौदे रंगात असताना, सेठच्या गादीसमोर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगीन की ते बूट मी घातले होते, बाईंनी नाही. पंखेवाल्यांनाही बोलावून घेईन. मॅडम, तुमचं नाव तुम्हाला परत करायचं माझ्याकडं राहिलंय, आणि मी ते केल्याशिवाय राहणार नाही.